त्रेसष्ट कान

२ मार्च, सोमवार

आई फोनवर म्हणाली, "तू कुठे असतेस ते मला सांगू नकोस, पण निदान एखाद्या वहीला तरी कळू दे." म्हणून ही वही. गाव नवं, खोली नवी, चप्पल तेवढी जुनी.

दोन वर्षांत ही सहावी नोकरी. रोपवाटिकेतून मी स्वतः गेले. तिकीटघरातून काढलं. मधमाश्यांच्या पेट्या रंगवायचं काम मस्त होतं, पण मी प्रत्येक पेटीवर एकेक तोंड काढलं आणि मालकाला ती तोंडं ओळखीची वाटली. बाकीच्या दोन नोकऱ्या लिहिण्यासारख्या नाहीत. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं बसच्या खिडकीतून.

खोली एका काका-काकूंकडे मिळाली. जिन्याखालची आहे, उभं राहिलं की डोकं लागतं, पण खिडकीतून यार्डातली क्रेन दिसते. उंच, पिवळी, वर काचेची एवढीशी खोली. काकू बोट दाखवून म्हणाल्या, "आमचे हे तिथं बसतात. एकोणीस वर्षं." मग म्हणाल्या, "चोवीस तारखेला तपासणी आहे. दर दोन वर्षांनी असते. डोळे, कान, रक्तदाब, सगळं. नापास झालेला माणूस खाली गोदामात झाडू मारतो."

"काका धडधाकट तर दिसतात की," मी म्हटलं.

"दिसतात," काकू म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या.

काकांना विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं? ते म्हणाले, "हो, वारा फार असतो वर." मोठी माणसं कधी कधी अशीच खोल बोलतात.

३ मार्च, मंगळवार

नोकरी कानाच्या मशीनच्या दुकानात. ऐकू कमी येणाऱ्यांना मशीन विकायचं, आणि बिघडलं की दुरुस्त करून द्यायचं. दुकानात तिघं. मालक, पन्नाशीचे, बोलताना हातानं हवेत चौकोन काढतात. मोठ्या बाई, काउंटरवर आणि फोनवर, दुकान उघडल्या दिवसापासून. आणि कारागीर, मागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून.

मला घेतलंय ते गिऱ्हाइकांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला. सॉफ्टवेअर म्हणे गिऱ्हाइकांशी असलेलं नातं सांभाळतं. आपण झोपलो तरी ते सांभाळत बसतं.

गंमत म्हणजे इथे कोण कधीपासून आहे ते विचारायला लागत नाही. मोठ्या बाई 'गिऱ्हाईक' म्हणतात, त्या आल्या तेव्हा वह्या होत्या. मालक 'खातं' म्हणतात, कारण त्यांनी पहिला संगणक आणला त्यात तसं होतं. नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'संपर्क' होतं, ते एका मुलीनं शिकून घेतलं आणि ती लग्न करून गेली, तो शब्दही तिच्याबरोबर गेला. नव्यात 'सहप्रवासी' आहे, ते फक्त मी म्हणते. कारागीर कुठल्याच सॉफ्टवेअरला भीक घालत नाहीत. ते म्हणतात, "आज चार कान आले."

सकाळी मालक ओरडले, "त्या खात्याचं काय झालं?" बाईंनी मला विचारलं, "अगं, ते गिऱ्हाईक?" मी पडद्यावर सहप्रवासी शोधला. तेवढ्यात आतून आवाज आला, "तो कान कधीच गेला घरी!"

५ मार्च, गुरुवार

आजपासून खरं काम. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चार रांगा होत्या: नवीन, चालू, थांबलेले, मिटलेले. नव्यात पण चारच आहेत: ओळख, जिव्हाळा, विश्वास, सोबत. एक हजार एकशे चाळीस माणसं जुन्या रांगांतून उचलायची आणि नव्या रांगांत ठेवायची. नावं दिसत नाहीत, खासगीपणासाठी नुसते आकडे दिसतात. एका परीनं बरं. नावं दिसली असती तर मी प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत बसले असते आणि पावसाळा आला असता.

'नवीन' म्हणजे ओळख, हे शेंबडं पोरही सांगेल. 'चालू' म्हणजे जिव्हाळा. 'मिटलेले' म्हणजे ज्यांचं काम करून दिलं ते, त्यांचा आपल्यावर विश्वास. राहिले 'थांबलेले'.

माहितीपुस्तिका आहे, साठ पानांची. चौदाव्या पानावर कोणीतरी दीपगृहाचा फोटो घातलाय. दीपगृहाचा आणि दुकानाचा काय संबंध ते कळेना, पण दीपगृहात राहणाऱ्या माणसाचं जेवण वर कसं जात असेल याचा विचार करत दुपार गेली.

६ मार्च, शुक्रवार

'थांबलेले' त्रेसष्ट आहेत. बाईंना विचारलं, हे कोण?

"ज्यांची मशिनं आपल्याकडे पडून आहेत ती. मण्याएवढा एक भाग लागतो, तो बाहेरून यायचाय. दोन महिने झाले."

"म्हणजे त्यांची मशिनं आपल्याकडेच राहतात?"

"कारागिराच्या खणात. पाकिटांत."

मी बराच विचार केला. ज्याची वस्तूसुद्धा आपल्याच घरी राहते, त्याच्याइतकं जवळचं कोण? त्रेसष्टच्या त्रेसष्ट 'सोबत'मध्ये टाकले. टाकल्यावर पडद्यावर कागदाची फुलं उडाली. मला वाटतं बरोबरच असावं. फुलं काय उगाच उडतील?

१० मार्च, मंगळवार

काल दुकान बंद (सोमवारी असतं). मी एका माणसाच्या मागे चालत गेले. तो डोक्यावर मोठा आरसा घेऊन चालला होता आणि आरशात ढग जात होते. परतायचा रस्ता सापडायला दोन तास लागले.

आज दुकानात आनंदीआनंद. ज्या भागाची वाट बघत होते तो आला, शंभर नग, एका पार्सलात. आणि कारागिरांना कामच नाही! रोज सकाळी सॉफ्टवेअर त्यांना यादी काढून देतं, तेवढंच करायचं असं मालकांनी बजावलंय. आज यादीत दोनच कान. "इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "मी चार वाजता मोकळा झालोय असं कधी घडलं नाही." ते खिडकीत उभे राहून रस्ता बघत होते. सुट्टी लागलेल्या पोरासारखे नाही. हरवलेल्यासारखे.

मालकांनी पडद्यावर बोट ठेवलं: थांबलेले, शून्य. "शून्य! बाई, बघा! या मुलीनं दोन आठवड्यांत करून दाखवलं." (खरं म्हणजे एकच आठवडा झालाय.) केक आणला. बाईंनी केक खाल्ला, पण भुवया खाली आल्या नाहीत.

"अगं, पण ती मशिनं?"

"सॉफ्टवेअर बघतंय बाई," मालक म्हणाले. "आता आपण मधे मधे करायचं नाही. आपण मधे आलो की घोळ होतो."

मग माझ्यावर आणखी एक जबाबदारी टाकली. सॉफ्टवेअर सहप्रवाशांना आपणहून फोन करणार, त्यासाठी आवाज निवडायचा. तीन आवाज होते. पहिला बँकेसारखा, तिसरा रागावलेल्या मावशीसारखा. मी दुसरा निवडला. मऊ, जरासा घोगरा, जणू बाई आत्ताच झोपेतून उठून आपल्याशीच बोलत्ये.

१२ मार्च, गुरुवार

काकांचं काही कळत नाही. सकाळी मी मागून दोनदा "काका, दार उघडं राहिलंय" म्हटलं, ते सरळ चालत गेले. भाव खातात की काय? उन्हाळा तोंडावर आलाय तरी कानटोपी काढत नाहीत. बातम्या इतक्या मोठ्यानं लावतात की माझ्या खोलीतला पेला थरथरतो.

काकूंना म्हटलं तर पटकन म्हणाल्या, "ते विचारात असतात." आणि नंतर हळूच, "तू हे कुठे बोलू नकोस हं. यार्डातली माणसं याच रस्त्यावर राहतात."

विचारात असणं लपवण्यासारखं काय आहे? आमच्या घरात तर कोणी विचारात असलं की सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं.

१४ मार्च, शनिवार

काही नाही. चप्पल तुटली. चांभारानं शिवून दिली आणि म्हणाला, "चालतेस फार."

१७ मार्च, मंगळवार

सकाळी पडदा उघडला तर सगळी नावं बदललेली! रात्रीत नवी आवृत्ती आली म्हणे. आता ओळख नाही, अंकुर. जिव्हाळा म्हणजे पालवी. विश्वास म्हणजे बहर. सोबत म्हणजे सावली. तक्रारीला परवापर्यंत 'संधी' म्हणायचं होतं, आता 'दहिवर' म्हणायचंय.

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे की कुंडी?"

मालकांनासुद्धा जरा जड गेलं. तरी म्हणाले, "शब्द बदलला की माणूस ताजा होतो." मग एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाले, "तुमचा बहर आलाय." ते गृहस्थ म्हणाले, "मोठ्यानं बोला, मशीन बिघडलंय." मालकांनी मोठ्यानं सांगितलं. गृहस्थ निघून गेले.

मी आधीचे चार शब्द नुकतेच पाठ केले होते. आता प्रत्येक वेळी मनात आधी जुन्या सॉफ्टवेअरचा, मग परवाचा, मग आजचा शब्द येतो, आणि तोवर समोरचा माणूस वेगळंच बोलायला लागलेला असतो. पूर्वी मला एकच गोष्ट कळत नव्हती. आता तीच तीन तऱ्हांनी कळत नाही.

१९ मार्च, गुरुवार

काकूंनी संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि फोन पुढे ठेवला. काकांचा. क्रेनवर फोन न्यायला बंदी, म्हणून तो दिवसभर घरी फळीवर असतो.

"आठवडा झाला, रोज अकराच्या ठोक्याला एका बाईचा फोन येतो," काकू म्हणाल्या.

"कोणाचा?"

"मला काय माहीत कोणाचा! गोड बोलते. जरा घोगरं. म्हणते, आपलं नातं जुनं आहे, मला रोज तुमची आठवण येते. मी आदळते फोन!"

"सगळं ऐकून तरी घ्यायचं."

"आणखी काय ऐकायचं? तुझ्या लग्नाचा पत्ता नाही, तुला काय कळायचं. एकोणीस वर्षं वर एकटे बसतात. वरून काय काय दिसत असेल."

"काकांना विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "यांना सध्या काही विचारायची सोय आहे का? तेवढी चोवीस तारीख जाऊ दे. मग बघते त्या सटवीकडे."

मला काका बिलकूल तसे वाटत नाहीत. पण मला कधीच काही बरोबर वाटलेलं नाही. सोमवारी मी घरी असेन, तेव्हा फोन मी उचलीन म्हटलं.

२१ मार्च, शनिवार

काका डबा विसरले. मालकांनी अर्धा दिवस दिला होता, म्हणून काकूंनी मला पिटाळलं. यार्डाच्या फाटकाशी काकूंचा भाऊ भेटला. तो खाली उभा राहून वरच्या काकांना इशारे करतो. डाव्या खांद्याला वॉकीटॉकी लटकत होता, पण बोलत मात्र तो हातांनीच होता. मूठ, पंजा, गोल, आडवा हात. नाचासारखं. मी डबा हातात धरून बघत बसले.

लोखंडी नळ्यांचा एक भारा वरून सरकत येत होता. तेवढ्यात कुंपण रंगवणारे दोघं शिडी घेऊन मधूनच निघाले. फाटकावरचा पहारेकरी वॉकीटॉकीत ओरडला, "थांब! थांब! थांब!" भारा थांबेना. काकूंचा भाऊ मागे वळून कोणाशीतरी बोलत होता. त्यानं ओरडा ऐकला, पळत पुढे आला, काचेच्या खोलीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर फेकले. तेव्हा भारा थांबला. रंगाऱ्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर. शिडी तर लागलीच त्याला, टण्ण वाजली.

सगळ्यांनी रंगाऱ्यांना शिव्या घातल्या. काकूंच्या भावाच्या हातात डबा दिला तर त्यानं तो उलटाच धरला. "ताईला यातलं काही बोलू नकोस," म्हणाला.

काका मात्र वर अगदी शांत बसले होते. धीराचा माणूस. मी असते तर उडीच मारली असती.

२३ मार्च, सोमवार



अकराला फोन वाजला. काकू पदर खोचून शेजारी उभ्या. मी उचलला.

"नमस्कार. आपलं नातं आता सावलीसारखं गर्द झालं आहे. आज आम्हाला आपली आठवण आली..."

दुसरा आवाज. मी निवडलेला.

काकू म्हणत होत्या, "कोण आहे? कोण आहे ती?" आणि मी म्हटलं, "मी." म्हणजे मला म्हणायचं होतं आमचं दुकान. काकूंनी डोक्याला हात लावला. मग मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, काकांचा आणि कानाच्या मशीनच्या दुकानाचा काय संबंध?

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं; मी कुठल्या दुकानात आहे ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मग सगळं बाहेर आलं. काकांना पाच वर्षं मशीन आहे. मशीन लावून कान पास झाले तर क्रेनवर बसता येतं. जानेवारीच्या शेवटी मशीन बंद पडलं, दुकानात दिलं. दहा दिवसांत मिळेल म्हणाले होते. मशीन नाही असं यार्डात सांगितलं तर त्याच दिवशी खाली उतरवतात. म्हणून सांगितलं नाही. भाऊ हातांनी इशारे करतो. वर टोपी. "दुकानात चौकशीला गेले तर कोणीतरी बघेल म्हणून हे जाईनात, आणि मला जाऊ देईनात. रोज म्हणायचे, तयार झालं की ते कळवतील."

आम्ही कळवत होतो की. रोज अकराला. ज्यांची मशिनं आमच्याकडे आहेत त्यांना. फोनवर.

पावती मागितली. क्रमांक चारशे सतरा. तो मी उचललेला मला आठवतोय असं वाटतं, पण मी सगळेच तसेच उचलले होते.

दुकान बंद. मोठ्या बाईंचं घर विचारत विचारत गाठलं. त्या झाडांना पाणी घालत होत्या. मी सांगत गेले आणि त्या पाणी घालत राहिल्या, कुंडी भरून वाहिली तरी. शेवटी म्हणाल्या, "चल." किल्ली त्यांच्याकडे असते. खण उघडला. त्रेसष्ट पाकिटं, कारागिरांच्या अक्षरात, शाईनं. त्यांच्याच शेजारी शंभर मण्यांचं पार्सल. तेरा दिवस शेजारी शेजारी.

पुस्तिकेचं एकोणिसावं पान उघडलं, दीपगृहानंतरचं. "या टप्प्यावरच्या सहप्रवाशाला कशाचीही गरज उरलेली नसते, त्याला केवळ आठवण हवी असते."

कारागीर लेकीकडे दुसऱ्या गावी गेलेत. सकाळच्या गाडीनं येतील, नऊला. तपासणी दहाला.

बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण शब्दच कळेना, तर भांडायचं कशावरून?"

२४ मार्च, मंगळवार

कारागीर पिशवीसकट थेट दुकानात आले. "चोवीस मिनिटं," म्हणाले, आणि बावीस घेतली. मी पळाले.

यार्डातल्या तपासणीच्या खोलीबाहेर बाक होता. काका शेवटून दुसरे बसले होते, टोपी घालून, समोरच्या भिंतीकडे बघत. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी क्रमांक बघितला. मग मला बघितलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पाकीट ओढून घेऊन ते संडासाकडे गेले.

बाहेर आले ते टोपीशिवाय. माझ्याकडे येताना मधेच थबकले.

"तुझी चप्पल किती वाजते गं," म्हणाले.

पास झाले. दोन्ही कान. मला वाटलं, संपलं.

पण डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. "तुम्ही दुकानातून आलात? यांना मशीन लावून परवानगी आहे, त्यामुळे दुकानाचा कागद जोडावा लागतो. दोन वर्षांत मशीन कधी बंद होतं का, किती दिवस. परवापर्यंत द्या."

काका सगळं ऐकत होते. आता त्यांना सगळंच ऐकू येत होतं.

२५ मार्च, बुधवार

मालकांना सकाळीच सांगितलं, चूक माझी. त्रेसष्ट माणसं मी चुकीच्या रांगेत टाकली. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हवेत एकही चौकोन काढला नाही. मग म्हणाले, "मी केक आणला होता." एवढंच. मग कारागिरांना म्हणाले, "यादी राहू दे. खणातलं करा."

मग चारशे सतराचा कागद काढला. पडद्यावर होतं: टप्पा, सावली. थांबलेले दिवस, शून्य. दहिवर, शून्य. नातं, अखंड. मी रांग बदलली तेव्हा जुनं सगळं पुसलं गेलं होतं. मालक म्हणाले, "आमच्याकडे नोंद म्हणून आहे ती हीच. मी शिक्का मारून देतो. पुढे काय ते तू बघ."

कारागिरांनी रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्यावर शाईत: क्र. ४१७. आवाज पूर्ण बंद. आलं २९ जानेवारी. खाली आजच्या अक्षरात: दिलं २४ मार्च. "शिक्का याच्यावर पण चालतो," म्हणाले. मालकांनी दोन्हींवर मारला. मला त्यांचं काही कळत नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन्ही ठेवले. काकूंचा भाऊही आला होता. मी सांगितलं की तो मूर्खपणा माझा आहे.

काकूंनी छापील कागद उचलला. "हा द्या. खोटा थोडाच आहे? दुकानाच्या संगणकातच असं लिहिलंय."

भाऊ म्हणाला, "दाजी, दोन महिने काही झालं नाही. आता मशीन आलं. मिटलं."

"काही झालं नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शनिवारी तू फाटकात होतीस. हा म्हणतो, भारा वेळेत थांबला. पहारेकरी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काय झालं होतं?"

भावानं मला डोळ्यांनी खुणावलं. काकूंनीपण. काकू का खुणावतायत, त्यांना तर ठाऊकच नव्हतं. की होतं?

मी म्हटलं, "तो थांब म्हणून तीनदा ओरडला. दोन रंगारी होते. भारा दोन हातांवर थांबला. शिडीला लागला."

"वाजला असेल," काका म्हणाले.

"हो. टण्ण."

मग काकांनी पाकीट घेतलं, घडी न घालता खिशात ठेवलं. काकू रडायला लागल्या, भाऊ खुर्ची ढकलून उठला. "आणि मी? मी हात हलवत होतो ते?"

"तुझं नाव मी नाही घेणार. विचारलं तर तू सांग. नाही तर नको सांगूस."

मला कळत नाहीये मी चांगलं केलं की वाईट. आईला विचारावं तर तिला पहिल्यापासून सांगायला लागेल, आणि कुठले शब्द वापरायचे?

२७ मार्च, शुक्रवार

काकांनी काल पाकीट डॉक्टरीणबाईंना दिलं. आता सहा महिने क्रेनवरून खाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग साहेब ठरवतील. तोवर गोदाम, एक तारखेपासून. भाऊही कालच आपणहून साहेबांकडे गेला. त्याला लेखी समज मिळाली. तो घरी येत नाही.

काकू माझ्याशी बोलत नाहीत, पण ताट वाढतात. मी खोली सोडते म्हटलं. काका म्हणाले, "तुझं ते पळून जायचं काम सोपं आहे. बाकीच्या बासष्ट लोकांचं काय?"

३० मार्च, सोमवार

बासष्ट मशिनं तयार आहेत, म्हणून सोमवार असूनही आज दुकान उघडलं. आता या लोकांना कळवायचं कसं? फोनवर त्यांना ऐकू येत नाही. निरोपाचे लेखी संदेश पाठवले, तर सॉफ्टवेअरनं प्रत्येकापुढे आपणहून जोडलं: आपल्या सावलीत आम्ही सुखी आहोत. एकाही माणसानं उत्तर दिलं नाही. मीही दिलं नसतं. मालकांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर त्यांनी कळवलं की पुढच्या आठवड्यात सगळे टप्पे पुन्हा बदलणार आहेत. बाईंनी खणातून जुनी वही काढली, पत्ते उतरवून दिले, आणि म्हणाल्या, "चालतेस फार असं ऐकलंय."

काका म्हणाले, एक तारखेपर्यंत मोकळाच आहे, येतो.

पहिल्या दारी मी बेल वाजवली. कोणी येईना. पुन्हा वाजवली.

"बेल काय वाजवतेस, गाढवे," काका म्हणाले. "आत बहिरं माणूस आहे." ते खिडकीशी गेले, काचेवर नाही टकटक केली, नुसता हात आडवा हलवला, हाताची सावली आतल्या भिंतीवर हलेल असा. आतला माणूस लगेच उठला.

असं मग सगळीकडे. एका ठिकाणी त्यांनी दाराच्या फटीतून कागद हळूहळू आत-बाहेर केला. एका ठिकाणी लाकडी जिन्यावर पाय आपटला, म्हणाले, पायांना कळतं. दुपारपर्यंत अकरा झाले. मी प्रत्येक ठिकाणी चुकीचं बोलत होते. एका बाईंना 'सहप्रवासी' म्हटलं, तर त्यांना वाटलं मी त्यांना कुठेतरी न्यायला आलेय.

बारावं घर चौथ्या मजल्यावर. एक आजी, अंगात लोकरीचा कोट, हातात विणकाम. दार किलकिलं केलं आणि साखळी काढेनात.

"कोण तुम्ही? मला काही घ्यायचं नाही."

मी पाकीट शोधत होते. काका पुढे झाले. टोपी घरीच राहिली होती. त्यांनी मान वळवून कान दाखवला.

"मी बहिरा आहे," ते म्हणाले. "हिच्याकडे तुमचं मशीन आहे."

आजींना ऐकू गेलं नाही. "काय?"

काकांनी पुन्हा सांगितलं, अगदी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा. खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. कोणीतरी जिन्यात येऊन वर बघायला लागलं. काकांनी तिकडे बघितलं, आणि मग आजींना तिसऱ्यांदा सांगितलं.